दिवा लागलेला नसेल तर

खोक्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे जर्मनकाका म्हणत. गंमत म्हणजे काकांनी जर्मनी कधी पाहिली नव्हती. कारखान्यातली निम्मी मशीनं तिकडून आली होती आणि त्यांच्याबरोबर आलेली उशीएवढी जाड माहितीपुस्तकं वाचू शकणारा माणूस सगळ्या आवारात एकच होता, एवढाच त्यांचा त्या देशाशी संबंध. तरुणपणी कुणी पोहायला शिकतं, कुणी पेटी वाजवायला. काका संध्याकाळच्या वर्गाला जर्मन शिकायला गेले, कारण तो वर्ग घराजवळ होता आणि वर्गाला पंखा होता. त्याच भाषेवर पुढे पोट चालेल असं तेव्हा त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

काम सांगायला सोपं होतं. मशीनवर जर्मनमध्ये जी सूचना असेल ती आपल्या भाषेत उतरवायची, पत्र्याच्या पट्टीवर कोरून घ्यायची आणि पट्टी मशीनवर ठोकायची. "असं करा", "तसं करू नका" इथे काही अडत नाही. अडतं ते "जर" आला की. आणि मशीनं बनवणाऱ्या त्या मंडळींना जर-तरची भारी हौस. दाब वाढला तर, पट्टा सैल पडला तर, झाकण नीट बसलं नसेल तर. त्यातही त्यांच्या भाषेत "जर" आणि "जेव्हा" या दोघांचा संसार बहुतेक वेळा एकाच शब्दात. वर्गातल्या बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काकांनी हात वर करून विचारलं होतं, "मग पाहुणा येणारच आहे की आला तर येणार आहे, हे त्यांना कळतं कसं?" बाई म्हणाल्या, "त्यांचं त्यांना कळतं. तुम्ही तुमचं बघा." काकांनी ते मनावर घेतलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं आपलंच बघत बसले.

त्याला निमित्त झालं तेलाचं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी डिंकाच्या मशीनवर त्यांनी पट्टी लावली होती: "तेल कमी झाल्यास घंटा वाजते." एका दुपारी घंटा वाजली. तिथला कामगार पट्टी वाचलेला, म्हणजे शहाणा. त्याने डबा आणून टाकीत तेल ओतलं. घंटा थांबेना. त्याने दुसरा डबा ओतला. टाकी मुळातच भरलेली होती. तेल टाकीतून जमिनीवर आलं, जमिनीवरून पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांखाली शिरलं, आणि काय गोंधळ चाललाय म्हणून बघायला आलेले तेव्हाचे व्यवस्थापक चारी मुंड्या चीत झाले. कागद अडकला तरी तीच घंटा वाजते, हे नंतर कळलं.

पट्टीत चूक नव्हती. तेल कमी झालं तर घंटा वाजते, हे शंभर टक्के खरं. घंटा वाजली म्हणजे तेलच कमी झालंय, असं पट्टी कुठे म्हणत होती? काकांनी हे साहेबांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. साहेब कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही बरोबर लिहिलंत हो. लोक चूक वाचतात, त्याचं काय करायचं?"

टोमणाच होता तो, पण काकांना तो प्रश्न वाटला. तेव्हापासून त्यांची ती प्रसिद्ध सवय सुरू झाली, जिला कारखान्यात "काकांचा उलटा प्रश्न" म्हणत. पट्टी कोरायला देण्याआधी ते वाक्य घेऊन खाली मशीनांमध्ये जायचे, तीन माणसं गाठायचे आणि विचारायचे. समजा वाक्य असं: लाल दिवा लागलेला असेल तर झाकण उघडू नये. काका ते वाचून दाखवणार आणि म्हणणार, "बरं, आता दिवा लागलेला नाही. काय कराल?" उत्तर येईल ते जसंच्या तसं, तारीख घालून, लांबट निळ्या वहीत लिहून घेणार. पुढे पुढे वाक्य पट्टीचं असो-नसो, हा प्रश्न ते कुणालाही विचारू लागले. न्हावी, कॅन्टीनवाली, दारावरचा रखवालदार, दवाखान्यात शेजारी बसलेला पेशंट, कुणी सुटलं नाही.

विचारण्याचे दोन नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते. सगळ्यांना अगदी त्याच शब्दांत विचारायचं, हा एक. आणि उत्तर बरोबर की चूक ते कुणाला सांगायचं नाही, हा दुसरा. सांगितलं की तो चहाच्या वेळी दुसऱ्याला सांगतो, मग तिसऱ्याचं उत्तर त्याचं स्वतःचं राहत नाही. पाणी एकदा गढूळ झालं की तळ दिसत नाही, असं ते बायकोला समजावून सांगत. बायको म्हणे, "तुमच्या त्या तळाशी काय ठेवलंय एवढं, देव जाणे."

तळाशी होतं ते असं. दिव्याचा प्रश्न त्यांनी दोनशे बारा माणसांना विचारला होता. एकशे त्र्याण्णव जण म्हणाले होते, "मग उघडायचं." काही जण "उघडलं तर चालेल", काही "दिवा नाही म्हणजे धोका नाही", पण अर्थ एकच. दिवा नसताना काय करायचं याबद्दल वाक्य मुळात काहीच बोलत नाही, हे फक्त एकोणिसांच्या लक्षात आलं होतं. त्यात काकू होत्या. भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या होत्या, "दिवा नसेल तर? मला काय माहीत? ज्याने मशीन बनवलं त्याला विचारा की." काकांना अभिमान वाटला, आणि आयुष्यात बायकोपुढे आपलं का चालत नाही तेही उमगलं.

लोक मूर्ख असतात असं मात्र काकांचं मत कधी झालं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. वहीत काही उत्तरांखाली त्यांनी लाल रेघ मारलेली होती. पॅकिंगमधला एक म्हातारा म्हणाला होता, "अहो, एरवीही उघडायचं नसतं तर दिव्याचं नाव कशाला काढलं असतं? नुसतं लिहिलं असतं, उघडू नये." याला उत्तर नव्हतं. शेजारची शाळकरी मुलगी म्हणाली होती, "आई म्हणते, गृहपाठ केलास तर खेळायला सोडीन. नाही केला तर सोडत नाही. ते सांगावं लागतं का?" आणि सगळ्यांत नवल याचं, की हेच लोक दुसरीकडे बरोबर चालायचे. "पाऊस पडला तर रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणजे काय झालं असेल?" असं विचारलं की लगेच दहा कारणं येत. कुणी धुतला असेल, पाइप फुटला असेल, समोरच्या बाईने बादली ओतली असेल. काकांनी शेवटी वहीच्या कडेला टिपून ठेवलं होतं की, रस्ता माणसाच्या ओळखीचा असतो, त्याला तो फसत नाही. मशीन ओळखीचं नसतं, तिथे तो वाक्यावर विसंबतो.

एकदाच त्यांनी दुसरा नियम मोडला. चार नंबरचं मशीन बसवायला तिकडून एक इंजिनियर आला होता, सहा फुटी, घाऱ्या डोळ्यांचा. चहाच्या वेळी काकांनी त्याला त्याच्याच भाषेत, त्याच्याच कंपनीचं वाक्य वाचून दाखवलं आणि उलटा प्रश्न टाकला. "मग उघडायचं," स्वतःचं नाव सांगावं इतक्या पटकन तो म्हणाला. पाहुणा माणूस, दुसऱ्या दिवशी विमानात बसणार, म्हणून काका म्हणाले, "हे वाक्यात आहे का?" त्याने वाक्य पुन्हा वाचलं, मग हसत सुटला. "नाही," तो म्हणाला, "पण आमच्याकडेही सगळे असंच समजतात." काका त्या संध्याकाळी लॉटरी लागल्यासारखे घरी आले. दोष आपल्या भाषेचा नाही, त्यांच्याही भाषेचा नाही, ऐकणारा माणूसच सगळीकडे सारखा, हे त्यांनी काकूंना तीनदा सांगितलं. काकू म्हणाल्या, "हे कळायला जर्मन शिकावं लागलं होय?"

एवढ्या सगळ्या विचारपुशीचा उपयोग काय, तर काकांची दुसरी ओळ. मूळ वाक्य पट्टीवर आलं की त्याखाली ते स्वतःची एक ओळ घालत: "दिवा विझला तरी रोलर थांबल्याची खात्री केल्याशिवाय झाकण उघडू नये." कारण ही मशीनं बटण दाबलं की दिवा विझवतात, पण आतला लोखंडी रोलर चांगला मणाचा. तो आपल्या वजनानेच पुढे तीस-चाळीस सेकंद फिरत राहतो. गुळगुळीत असल्यामुळे फिरतोय की थांबलाय ते डोळ्यांना कळत नाही. जुने कामगार कानाने ओळखतात. नव्यांसाठी दुसरी ओळ. पंचवीस वर्षं तिला कुणी हरकत घेतली नाही आणि पंचवीस वर्षं कुणाचं बोट गेलं नाही, पण न झालेल्या अपघाताची नोंद कुणी ठेवत नसतं.

मग तीन वर्षांपूर्वी नवे व्यवस्थापक आले. माणूस वाईट नव्हता. कागदाचा पक्का होता, एवढंच. नव्याने बसवलेल्या चार नंबरच्या पट्ट्या मूळ वाक्याशी शब्दाला शब्द जुळल्या पाहिजेत, नाहीतर मशीन बनवणारे हमी देणार नाहीत, असं पत्र आलं होतं. काका त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दुसऱ्या ओळीचं सांगितलं.

"काका, ही ओळ मूळ वाक्यात आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

काकांनी त्यांनाही उलटा प्रश्न विचारला. साहेब म्हणाले, "दिवा नसेल तर उघडायचं, त्यात काय." काकांनी ते वहीत लिहून घेतलं, कागदावर सही केली आणि बाहेर आले. नाकासमोर चालणारा माणूस, भांडण त्यांना जमतच नव्हतं. नेहमीप्रमाणे खाली जाऊन तीन जणांना विचारलं, तीन उत्तरं लिहिली, आणि चार नंबरवर एकाच ओळीची पट्टी ठोकली. महिनाभर त्यांना चैन पडलं नाही. नंतर पडलं. माणसाला कशाचीही सवय होते.

अपघात झाला तो चार नंबरवरच. तिथली नेहमीची कारागीर रजेवर गेली होती, म्हणून आठवड्यासाठी पॅकिंगमधल्या एका बाईला तिथे उभं केलं. तिशीतली, जाड चष्म्याची, कामाला वाघ. खोकी इतकी भराभर बांधायची की तिला सगळे "गाडी" म्हणत. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, मिळवणारी ती एकटी. तिसऱ्या दिवशी पुठ्ठा अडकला. तिने बटण दाबलं, दिवा विझलेला पाहिला, झाकण उघडलं आणि पुठ्ठा ओढायला हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं मधल्या पेरापर्यंत गेली.

दीड महिन्याने चौकशी लागली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं. पट्टी बरोबर आहे. रोलर थांबेपर्यंत थांबावं, असं माहितीपुस्तकाच्या एक्केचाळिसाव्या पानावर स्पष्ट लिहिलंय. बाईने ते वाचलं नाही, म्हणजे निष्काळजीपणा. निष्काळजीपणाचा शेरा बसला की नोकरी गेली, आणि दोन बोटं नसलेल्या बाईला दुसरीकडे कोण घेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चौकशीत काकांना एकच प्रश्न विचारला जाणार होता: भाषांतर बरोबर आहे का?

आदल्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली. काका चार महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्याआधी पुढच्या महिन्यात नव्या मशीनच्या पुस्तकांसाठी त्यांना पंधरा दिवस जर्मनीला पाठवायचं ठरलं होतं. काकूंनी त्यांच्यासाठी जाड स्वेटरसुद्धा विणायला घेतला होता. "तुम्ही फक्त खरं तेच सांगा, काका," साहेब म्हणाले. "भाषांतर बरोबर आहे, बस्स. खोटं बोलायला तुम्हाला कुणी सांगत नाहीये."

खरोखरच कुणी सांगत नव्हतं. तिथेच तर सगळी मेख होती. भाषांतर बरोबर होतं.

घरी आल्यावर काकांनी निळ्या वह्या काढून टेबलावर मांडल्या. सात होत्या. चार नंबरचं पान शोधायला वेळ लागला नाही. वर जर्मन वाक्य, खाली आपलं वाक्य, त्याखाली तीन उत्तरं. पहिलं दोन नंबरच्या मशीनवाल्याचं. दुसरं गोदामवाल्याचं. तिसऱ्यापुढे लिहिलं होतं, "पॅकिंगमधली नवी बाई, चष्मा. 'मग उघडायचं.'" अक्षर काकांचंच, चांगलं वळणदार.

ते त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. वही हेच सांगत होती की ही बाई काय करील ते तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं.

काकू दोरीवरचे कपडे काढून आत आल्या. त्यांनी वह्या पाहिल्या, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि घड्या घालायला समोर बसल्या. काकांनी ते पान त्यांच्यापुढे सरकवलं. काकूंनी वाचलं, चष्मा काढला.

"ही तीच का?"

"तीच."

"उद्या वही दाखवलीत तर ती सुटेल?"

"सुटेल बहुतेक. दोनशे माणसं तसंच समजतात म्हटल्यावर एकटीचा निष्काळजीपणा कसा होईल?"

"आणि ते तुम्हाला विचारतील, की माहीत होतं तर गप्प का बसलात."

"हो."

"मग जर्मनी?"

"राहिली."

काकूंनी एक टॉवेल घडी घातला. काका म्हणाले, "साहेबांनी तेव्हा ती ओळ ठेवू दिली असती तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर," काकू म्हणाल्या. "ते सोडा. दाखवणार आहात का, तेवढं सांगा."

"दाखवणार."

"मग जेवायला चला," काकू म्हणाल्या.

चौकशीची खोली म्हणजे वरच्या मजल्यावरची नमुन्यांची खोली. भिंतीला रिकामी खोकी रचलेली, मध्ये लांब टेबल. टेबलाच्या एका बाजूला साहेब, कामगारांचा प्रतिनिधी, आणि बाहेरून आलेल्या सुरक्षा तपासनीस बाई, ज्यांच्या शब्दावर सगळं होतं. दुसऱ्या बाजूला गाडी बसली होती. उजवा हात तिने ओढणीखाली ठेवला होता. तिने आपलं दोन वाक्यांत सांगून टाकलं: पट्टी वाचली होती, दिवा नव्हता, म्हणून उघडलं. एक्केचाळिसावं पान तिने पाहिलं नव्हतं. ते पुस्तक साहेबांच्या कपाटात कुलूपबंद असतं, हे प्रतिनिधीने लिहून घ्यायला लावलं.

मग तपासनीस बाईंनी काकांकडे पाहिलं. "भाषांतर तुमचं?"

"माझं."

"बरोबर आहे?"

"बरोबर आहे," काका म्हणाले. साहेबांनी समोरचा कागद नीट केला. काकांनी पिशवीतून वही काढली, पान उघडलं आणि टेबलावर ठेवली. "पण ते तसं कुणी वाचत नाही. हे बघा."

तपासनीस बाई वाचत राहिल्या. खाली मशीनं चालू होती, टेबलावरचे पेले बारीक थरथरत होते. बाईंनी मागची पानं चाळली, पुढची चाळली. एके ठिकाणी त्या थांबल्या आणि मोठ्याने वाचलं, "व्यवस्थापक. 'दिवा नसेल तर उघडायचं, त्यात काय.'" प्रतिनिधीला खोकला आला. साहेबांचे कान लाल झाले.

"हे असं होतं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" बाईंनी काकांना विचारलं.

"अठ्ठावीस वर्षं."

"बाकीच्या मशीनांवर दोन ओळी आहेत. या मशीनवर एकच का?"

काकांनी रात्री याचं एक लांबलचक उत्तर तयार केलं होतं. त्यात पत्र होतं, हमी होती, केबिन होती. "मी एका ओळीच्या पट्टीवर सही केली," ते म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं. साहेबांनी पहिल्यांदाच मान वर करून काकांकडे पाहिलं, मग म्हणाले, "ओळ काढायला मी सांगितलं होतं. तेही लिहा." त्यांनी हे म्हटलं, एवढं त्यांच्या खात्यावर जमा धरायला हवं.

निकाल दुपारीच लागला. निष्काळजीपणाचा शेरा नाही. गाडीची नोकरी राहिली, बोटांची भरपाई मिळणार होती, हलकं काम मिळणार होतं. चार नंबरवर आठ दिवसांच्या आत दुसरी ओळ लावायची होती. काकांबद्दल एक परिच्छेद होता. धोक्याची माहिती असून त्यांनी ती लेखी कळवली नाही, असा. जर्मनीचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. पुढच्या आठवड्यात पत्र आलं की, पुस्तकांचं काम तिकडचे लोक तिकडेच करून घेतील. काकूंनी स्वेटर तरीही पुरा केला. लोकर घेतलेली होती, आणि थंडी इथेही पडतेच की, असं त्या म्हणाल्या.

पण हे नंतरचं. त्या दुपारी काका जिन्याजवळच्या अरुंद वाटेत उभे होते. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. आपण करायचं ते केलं, उशिरा का होईना, असं काहीतरी मनात जमत होतं. प्रतिनिधीने येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, "काका, आज तुम्ही होतात म्हणून," असं म्हणाला आणि खाली गेला. त्याच्या मागून गाडी आली. तिला अजून आत जाऊन निकालाच्या कागदावर सही करायची होती. काकांना वाटलं, हीही आभार मानणार. आभार मानू नकोस, हे कोणत्या शब्दांत सांगायचं ते त्यांनी ठरवायला घेतलं.

"काका," ती म्हणाली, "त्या वहीत माझंही उत्तर आहे ना?"

"आहे."

"मला आठवतंय. मी पॅकिंगला नवीन होते. तुम्ही येऊन विचारलंत, दिवा नसेल तर काय करशील. मी म्हटलं, उघडायचं. तुम्ही मान डोलावलीत आणि लिहून घेतलंत." ती जराही चिडलेली नव्हती. काहीतरी नीट समजून घ्यायचं असल्यासारखी सावकाश बोलत होती. "मला वाटलं, बरोबर आलं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलंसुद्धा. म्हटलं, जर्मनकाकांनी मशीनचा प्रश्न विचारला आणि मला आलं."

काकांनी वहीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"त्या दिवशी दिवा विझला ना, तेव्हा मला तेच आठवलं. पट्टी नाही आठवली. तुम्ही मान डोलावलीत ते आठवलं."

जिन्यावरून कुणीतरी खोक्यांचा गठ्ठा घेऊन वर आलं. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले. गठ्ठा गेला.

"बरोबर नव्हतं ना ते?" तिने विचारलं.

काकांच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. मान ते सगळ्यांसमोरच डोलावतात. सांगितलं असतं तर वही बिघडली असती. तिला चार नंबरवर घालतील हे माहीत असतं तर. एकामागून एक सगळे "तर" रांगेत उभे होते, आणि ऐकणारा त्यातून काय घेतो ते या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "बरोबर नव्हतं."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मग सांगायचं होतंत," ती म्हणाली आणि आत गेली.

दार उघडंच होतं. तपासनीस बाईंनी तिच्यापुढे कागद सरकवला, कुठे सही करायची ते दाखवलं. तिने पेन डाव्या हातात घेतलं. एकेक अक्षर काढायला तिला फार वेळ लागत होता. काकांना खाली जायला कुणी अडवलं नव्हतं, पण तिचं नाव पुरं लिहून होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले.